गादीखालची साडी, वेणीतली लाट

ताई,
माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि अगदी सरळ. इतके, की चाप लावला तर तासाभरात घसरून मानेवर येतो. डिसेंबरात मोठ्या बहिणीचं लग्न आहे, दादरला हॉल घेतलाय. मी करवली. संध्याकाळच्या रिसेप्शनला केस मोकळे सोडावेत आणि त्यांत छान लाटा असाव्यात, असं फार मनात आहे. गेल्या वर्षी हौसेनं कर्लिंग मशीन घेतलं, आठवड्यातून तीन-तीनदा वापरलं, आणि आता टोकं खराट्यासारखी झालीत. पार्लरवाली म्हणते, पर्म करून टाक, रोजची कटकटच नको. मग ती सॅटिनची गुलाबी दांडी मिळते ना, ‘हीटलेस कर्लर’, ती आणली. केस धुऊन रात्रभर डोक्याला बांधून झोपले. सकाळी सोडले तर आतले केस ओलेच, आणि बाहेरचे जे वळले होते ते बोरिवलीहून चर्चगेटला पोचेपर्यंत होते तसे सरळ. आई म्हणते, लोक पैसे मोजून केस सरळ करून घेतात आणि तुला सरळाचे वाकडे करायचेत. मशीन न लावता माझ्या केसांत लाट टिकू शकते, की नाद सोडू?
— चाप न टिकणारी, बोरिवली

अगं बोरिवलीकर,

नाद सोडू नकोस. तू चुकलीस ते एकाच ठिकाणी, आणि ते तूच पत्रात लिहिलं आहेस: ‘आतले केस ओलेच’. बाकी सगळं तू बरोबर केलंस.

शाळेत दोन वेण्या घालून जायचीस ना? वर दुमडून रिबिनीनं बांधलेल्या? संध्याकाळी घरी येऊन त्या सोडल्यावर केस कसे दिसायचे ते आठव. खांद्याखाली सगळी नागमोडी वळणं. तेव्हा आपल्याला त्याचं काही वाटायचं नाही, उलट पाणी लावून विंचरून ती घालवायची घाई. तुझ्या सरळ केसांना लाट धरता येते, याचा पुरावा दहा वर्षं रोज संध्याकाळी तुझ्या पाठीवर होता.

आता ती धरते कशी, हे एकदा नीट समजून घे, म्हणजे मी पुढे सांगेन ते पाठ करावं लागणार नाही. आपल्या आज्या सुती साडी इस्त्रीला द्यायच्या नाहीत. साडीवर पाणी शिंपडायचं, हातानं ताणून घडी घालायची आणि रात्रभर गादीखाली ठेवायची. सकाळी कडक. निखारा नाही, वीज नाही. झालं काय, तर सुताच्या आत जे बारीक बारीक बंध असतात, हायड्रोजन बंध म्हणतात त्यांना, ते पाण्यानं सुटतात. धागा सैल होतो. वाळताना तो ज्या आकारात दाबून ठेवला असेल त्याच आकारात बंध पुन्हा जुळतात. केस कापसाचा नाही, केराटिन नावाच्या प्रथिनाचा आहे, पण त्यातही हेच बंध असतात आणि ते असेच वागतात. ओलावलेस की सुटतात, वाळले की जुळतात. वेणीत वाळले तर वेणीचा आकार, सरळ लोंबत वाळले तर सरळ.

म्हणजे लाट तयार होते ती वेणी घालताना नाही आणि रात्रभर झोपलीस म्हणूनही नाही. ती तयार होते केस ओलसरपणातून पूर्ण कोरडे होतात त्या वेळात. तू सोडलेस तेव्हा आतले केस ओले होते, म्हणजे त्यांचे बंध जुळलेच नव्हते. ते मग तुझ्या पाठीवर लोंबत, सरळ, वाळले. गादीखालून अर्धी ओली साडी काढून दोरीवर टाकावी तसं.

आणि त्याच सुती साडीचं ट्रेनमध्ये काय होतं तेही तुला ठाऊक आहे. अंधेरीपर्यंत चोळामोळा. घाम आणि दमट हवा मिळून बंध पुन्हा सुटतात. मुंबईची पावसाळ्यातली हवा ८० टक्क्यांच्या वर आर्द्रतेची असते. त्या हवेत केस स्वतःच पाणी ओढून घेतो आणि आपल्या मूळ आकाराकडे वळतो. तुझा मूळ आकार सरळ. त्यात केस लांब, म्हणजे त्यांचंच वजन त्यांना खाली ओढतं. मशीननं केलेली लाटही याच हवेत याच कारणानं मोडते, कारण मशीनही मुख्यतः तेच बंध मोडून जोडतं, फक्त काही सेकंदांत. तेव्हा मशीन लावलं असतंस तरी चर्चगेटपर्यंत फार काही उरलं नसतं. तुझी टोकं मात्र गेली.

टोकांचंच बोलू आधी. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. कमरेपर्यंतचा केस पाऊण मीटरचा धरला तर त्याचं टोक पाच-सहा वर्षांचं आहे. पाच-सहा वर्षांची धुणी, ऊन, कंगवे, रबरं त्यानं सोसली आहेत. त्यावर तू साधारण १५० ते २३० अंश सेल्सिअसला तापणारं मशीन आठवड्यातून तीनदा लावलंस. पुऱ्या तळायचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं, यावरून काय ते समज. आणि केसाला कातडीसारखं स्वतःला दुरुस्त करता येत नाही, तो बाहेर आला की मेलेलाच असतो.

मीही हे केलंय बरं का. खूप वर्षांपूर्वी, एका मावसबहिणीच्या लग्नाला, घराजवळच्या पार्लरमध्ये. घाई होती, केस पुरते वाळले नव्हते, आणि मुलीनं तसेच मशीनमध्ये धरले. चर्र आवाज झाला, वाफ निघाली. मला वाटलं हे असंच असतं. ओल्या केसाच्या आतलं पाणी उकळून वाफ होते आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते चक्क दिसतात, आणि केस नेमका तिथेच मोडतो. पुढचे चार महिने माझ्या कंगव्यात बोटभर लांबीचे तुकडे येत होते. लग्नाचे फोटो मात्र छान आलेत, ते नाकारणार नाही.

पर्म नको. का ते सांगते. पर्ममध्ये हायड्रोजन बंधांना नाही, त्याहून पक्क्या गंधकाच्या बंधांना हात घालतात. थायोग्लायकोलेट नावाच्या औषधानं ते तोडतात, केस रोलरवर गुंडाळतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं नव्या आकारात पुन्हा जोडतात. तो सणसणीत वास थायोग्लायकोलेटचाच. धडधाकट केसावर, जाणत्या हातानं, हे चालतं. पण तुझी टोकं आधीच भाजलेली आहेत, ती या मारात तुटतील. शिवाय सहा महिन्यांनी वर अडीच-तीन इंच सरळ आणि खाली कुरळे, असे दोन बायकांचे केस एका डोक्यावर. एका संध्याकाळीसाठी हा व्यवहार महाग आहे. पार्लरवालीची कटकट जाईल, तुझी सुरू होईल.

तर करायचं काय.

पहिल्यांदा कात्री. लग्नाच्या महिनाभर आधी खालचा इंच-दीड इंच काप. फाटे फुटलेला केस कुठल्याही सीरमनं जोडला जात नाही, चिकटवल्यासारखा दिसतो आणि धुतला की पुन्हा फाटतो. कमरेपर्यंतच्या केसातला इंच कोणाला कळणारही नाही. आणि खराट्यासारख्या टोकांवर लाट नुसती विस्कटते, वळत नाही.

मग तेल, पण धुण्याआधी. २००३ साली इथल्याच, मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून वाहून जाणारं प्रथिन लक्षात येण्याइतकं कमी झालं ते फक्त खोबरेलानं. त्याचे रेणू लहान आणि सरळ असल्यानं ते केसाच्या आत शिरतं, वर नुसतं बसत नाही. खोबरेल विकणाऱ्या कंपनीचंच संशोधन आहे, हे लक्षात ठेवून वाच, पण कारण पटण्यासारखं आहे. आदल्या रात्री किंवा धुण्याआधी दोन तास, खालच्या अर्ध्या केसांना लाव. धुतल्यानंतर मात्र, लाट तयार होईपर्यंत, थेंबही नको. तेलकट केस जड होतो आणि लाट घसरते. तुझा तर चाप घसरतो!

शाम्पू टाळूला, कंडिशनर कानाच्या खाली, तोही नेहमीच्या निम्मा. कंडिशनर केस गुळगुळीत करतो आणि तुझा त्रासच गुळगुळीतपणाचा आहे. तुमच्या सोसायटीत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर शेवटचा तांब्या महापालिकेच्या पाण्याचा घे. तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, बोअरचं जड, आणि जड पाण्यातला क्षार केसावर राहून तो खरखरीत करतो.

केस टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. घरात बाबांचा पंचा असेल तर तो घे. पातळ सुती पंचा पाणी टिपून घेतो आणि केसावरचे खवले उचकटत नाही. तुरेवाल्या टॉवेलचं काम नाही हे. ओला केस ताणला की रबरासारखा लांबतो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो, म्हणून गुंता बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून वर येत सोडव.

आणि आता थांब. इथेच तू घाई केलीस. ओल्या केसांची वेणी घालायची नाही. पंख्याखाली बस, फोन बघ, कोथिंबीर निवड, काहीही कर, पण केस दहातले आठ-नऊ भाग वाळू देत. ओळखायचं कसं? मूठभर केस घट्ट पिळ, हाताला पाणी लागता कामा नये. मग तीच बट गालाला लाव. गार लागली पण ओली लागली नाही, तर वेळ झाली. तुझ्यासारख्या लांब केसांना मुंबईत याला दोन-तीन तास सहज लागतात. धीर नसेल तर दुसरा रस्ता आहे आणि मला तोच जास्त आवडतो: सकाळी केस धू, दिवसभरात पूर्ण वाळू दे, आणि रात्री वेणी घालताना फवाऱ्याच्या बाटलीतून प्रत्येक बटेवर दोन-तीन फवारे मार. साडीवर पाणी शिंपडतात ना, बुडवत नाहीत, तसं. शिवाय ताज्या धुतलेल्या केसापेक्षा दिवसभर वापरलेला केस आकार जास्त धरतो, कारण तो कमी निसरडा असतो.

पकड येण्यासाठी काहीतरी लावावं लागेल. बाजारचा मूस चालेल, लिंबाएवढा फेस पुरे. किंवा जवस. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजव, सात-आठ मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होईल. गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळ. गार झाल्यावर गाळायला जाशील तर फडकं, बी आणि गाळ तिन्ही एकमेकांना सोडत नाहीत. हे मी भांडं टाकून देऊन शिकले. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. वर चिठ्ठी लावून ठेव, आमच्याकडे एकानं ते सब्जाचं सरबत समजून चाखलं होतं. पूर्ण डोक्याला दोन चहाचे चमचे, त्याहून जास्त नाही, नाहीतर वाळल्यावर पांढरी पापडी सुटते आणि सगळे विचारतात कोंडा झालाय का.

मूस किंवा जेल विकत घेताना बाटलीमागं ग्लिसरीन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ठेव परत. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. कोरड्या गावात ते बरं, आपल्याकडच्या दमट दिवसात ते केस फुगवतं. समुद्री मिठाचा स्प्रे पण नको. मीठही तेच करतं आणि वर केस कोरडे, चिकट. तो परिणाम हवा असेल तर गोराईच्या किनाऱ्यावर तासभर उभी राहा, फुकट होईल.

आता वळण. तीन पेडांची साधी वेणी घातलीस तर लाट चपटी, नागमोडी येते, शाळेतल्यासारखी. गोलसर, मोठी लाट हवी असेल तर दोन पेडांचा पीळ घाल. सुतळी वळतात तसा: दोन बटा घे, दोन्ही उजवीकडे पिळ, आणि मग एकमेकींभोवती डावीकडे गुंडाळ. उलटसुलट पीळ असल्यानं ती स्वतःला धरून ठेवते, सुटत नाही. चेहऱ्याजवळच्या बटा चेहऱ्यापासून लांब जातील अशा पिळ, नाहीतर लाट गालावर येऊन पडते. संपूर्ण डोक्याचे चार भाग पुरेत. दोनच केलेस तर मधले केस वाळणार नाहीत आणि आठ केलेस तर रिसेप्शनला फुगलेली येशील. सुरुवात कानाच्या पातळीपासून कर, मुळापासून नको. वरून आवळून सागरवेणी घातली तर टाळूजवळ विचित्र बाक येतो, आणि ताणही पडतो. रोज रोज आवळलेल्या वेण्यांनी कपाळावरची केसांची रेघ मागं गेलेल्या बायका आपण पाहतोच. डोकं दुखलं तर वेणी घट्ट आहे, सोडून पुन्हा घाल.

टोकाला रबर लावलंस तर शेवटचे दोन इंच सरळच राहतात आणि सगळी मेहनत वरती, खाली झाडू, असं दिसतं. म्हणून जुन्या मऊ सुती साडीची वीतभर पट्टी घे, टोक तिच्यावर दोन वेढे गुंडाळ आणि पट्टीची गाठ मार. जुन्या काळी बायका केस कुरळे करायला चिंध्याच वापरत, त्या काही वेड्या नव्हत्या.

तुझी गुलाबी दांडी टाकून देऊ नकोस. तिच्यानं लाट छान गोल येते, वेणीपेक्षा छान. फक्त कमरेपर्यंतचे सगळे केस दोनच बाजूंना तिच्याभोवती गुंडाळले की थरावर थर चढतात आणि आतला थर सकाळपर्यंत ओलाच राहतो. तुझं झालं ते हेच. ती वापरायची तर पूर्ण कोरड्या केसांवर, फक्त वरून फवारा मारून. सुट्टीच्या दिवशी करून बघ.

मागचे दोन पीळ तुला आरशात बघूनही सारखे जमणार नाहीत. आईला सांग. ती ‘सरळाचे वाकडे’ म्हणत म्हणत घालून देईल, आणि तिचा हात तुझ्यापेक्षा नक्की सफाईचा असेल. शाळेच्या वेण्या तिनेच घातल्यात.

रात्री सॅटिनची जुनी ओढणी डोक्याला सैल गुंडाळ, उशीच्या घासण्यानं केस पिंजत नाहीत. खोलीत एसी असेल तर त्या रात्री लाव. एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढून घेतो, म्हणून एसीच्या खोलीत केस पंख्यापेक्षा लवकर वाळतात. एसी नसेल तर पंखा, आणि ओढणी झोपण्याच्या अगदी आधी. सकाळी पट्टी सोडण्याआधी पीळ बोटांनी दाबून बघ. आत गार लागलं तर सोडायचं नाही! ड्रायरचं गार हवेचं बटण लावून दहा मिनिटं दे. गार हवेनं काही बिघडत नाही.

दिवाळीला तालीम कर. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान होतंच, तेल आधी आणि न्हाणं नंतर हा क्रम आपसूक जमतो. उटणं केसाला लावू नकोस तेवढं. दिवसभर केस वाळव, रात्री पीळ घाल, आणि दुसऱ्या दिवशी सोड. किती तास टिकतात ते घड्याळ लावून बघ. दिवाळीच्या आसपासची हवा डिसेंबरपेक्षा दमट असते; तिथे तीन तास टिकली तर लग्नात त्याहून बरीच टिकेल.

आणि लग्नाचा दिवस. इथं मला तुझ्यासाठी एक गोष्ट सुचते. तू करवली, सकाळी सातपासून हॉलवर. अक्षता, पंगत, आईची धावपळ, नवरीचं सामान, बुटांच्या पळवापळवीत तर तू असणारच. सकाळी केस सोडलेस तर दुपारी जेवणापर्यंतच लाट संपेल. म्हणून सकाळी सोडूच नकोस. आदल्या रात्री घातलेले चारही पीळ तसेच ठेव, पुढचे केस भांग पाडून गुळगुळीत बसव, आणि ते चार पीळ मानेवर गोल गुंडाळून अंबाडा घाल. यू-पिना आणि वरून गजरा. नऊवारीवर याहून चांगलं काय दिसणार? कुणाला कळणारही नाही की आत तुझी संध्याकाळ तयार होतेय. अठरा-वीस तास पिळात, तेही पूर्ण कोरडा, राहिला की तुझ्यासारख्या हट्टी केसालाही बराच वेळ सरळ होता येत नाही.

गजऱ्याचं मात्र बघ. फुलवाल्या मोगऱ्यावर सतत पाणी मारतात. तो तसाच माळलास तर नेमका अंबाडाच ओला होईल आणि आपण रात्रभर जुळवलेले बंध तिथल्या तिथे सुटतील. आणल्या आणल्या झटकून अर्धा तास पंचावर पसरून ठेव आणि मग माळ.

संध्याकाळी साडी बदलून झाली की शेवटी केस सोड. आधी सोडलेस तर ब्लाउज घालताना आणि घामानं विस्कटतील. सोडताना खालून वर उलगड, ओढू नकोस. फणी नाही, अजिबात नाही. तळहातावर दोन थेंब खोबरेल चोळ, अगदी हात चकाकतील एवढंच, आणि बोटं खालून वर फिरव. मान खाली घालून एकदा झटक. पहिली दहा मिनिटं केस फारच कुरळे, बाहुलीसारखे वाटतील आणि तू घाबरशील. घाबरू नकोस आणि पाणी तर मुळीच लावू नकोस. लांब केसांची लाट आपल्या वजनानं अर्ध्या तासात उतरते आणि मग तुला हवी तशी होते. मनात असेल त्यापेक्षा एक पाऊल जास्त कुरळं सोडायचं, हा लांब सरळ केसांचा हिशेब आहे. वरून हेअरस्प्रे मारायचा तर एक हात लांबून, एकदाच. तो केसावर पातळ पडदा धरतो आणि हवेतला ओलावा थोडा वेळ बाहेर ठेवतो. एका संध्याकाळीला चालतं.

स्टेजवर दिव्यांची धग असेल, गळ्यात येऊन पडणाऱ्या आत्या-काकू असतील. मानेमागचे केस घामानं पहिले सरळ होतील. ते गेले तर जाऊ देत, फोटोत पुढचेच दिसतात.

रोजच्या ऑफिसबद्दल आता थोडक्यात. जून ते सप्टेंबर लाटेचा विचारच करू नकोस, वेणी घाल आणि मोकळी हो. बाकीच्या महिन्यांत आठवड्यातून एक-दोनदा, आदल्या रात्रीचे पीळ तसेच मानेवर क्लचरमध्ये अडकवून ट्रेन पकड आणि चर्चगेटला उतरून ऑफिसच्या बेसिनसमोर सोड. दारातला वारा आणि डब्यातला घाम या दोन्हींतून लाट वाचते. न्हालेले ओले केस अंबाड्यात कोंबून फास्ट लोकलमध्ये चढायचं मात्र बंद कर, करत असशील तर. तासभरात ते वाळत नाहीत, उबतात. टाळूला खाज, कोंडा आणि तो कुबट वास, सगळं त्यानं वाढतं. खाज फार वाढली किंवा केस पुंजक्यानं गळायला लागले, तर जवस-बिवस बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला दाखव.

रिसेप्शन संपून घरी पोचशील तेव्हा रात्रीचे बारा वाजले असतील. अंबाड्याची पिन आत राहिली नाही ना ते बघ, एखादी राहतेच आणि झोपेत टोचते. स्प्रे लावलेले केस तसेच विंचरू नकोस, टोकं मोडतील. खालच्या केसांना सढळ हातानं तेल लाव, सैल वेणी घाल आणि झोप. सकाळी धुऊन टाक.